मेळघाट : 'दिसला का?' या प्रश्नापलीकडे

सागपान

ताडोब्याचं बुकिंग मिळालं नाही म्हणून मेळघाटला जाणारे बरेच असतात, आणि परत आल्यावर 'पैसे पाण्यात गेले' म्हणणारेही बहुधा तेच. मी नुकताच तिकडून आलो. वाघ दिसला नाही. तरी येत्या हिवाळ्यात पुन्हा जायचं नक्की आहे. माहिती विचारणारे काही खासगी निरोप आले होते, म्हणून सगळं एकत्रच लिहितो.

मेळघाट म्हणजे सातपुड्याची गाविलगड रांग. १९७३-७४ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा देशभरातून पहिली नऊ क्षेत्रं निवडली गेली, त्यांत महाराष्ट्रातलं हे एकटंच. गाभ्यात ३६१ चौ. किमी.चं गुगामल राष्ट्रीय उद्यान, आजूबाजूला मेळघाट, नरनाळा, वान आणि अंबाबरवा ही अभयारण्यं. सगळं धरून अडीच हजार चौ. किमी.च्या वर जातं. खंडू, खापरा, सिपना, गडगा, डोलार या नद्या इथून निघून तापीला मिळतात. खाली खानदेशापर्यंत ज्या पाण्यावर लोक जगतात त्याचा एक वाटा या डोंगरातून जातो, हे आपण जिप्सीत बसल्यावर विसरतो.

वाघ का दिसत नाही? जमीनच तशी आहे. ताडोबा बराचसा सपाट, तळ्यांकाठून रस्ते, जिकडेतिकडे चितळं. इकडे नुसते चढ-उतार. वैराटचा माथा ११७८ मीटर, त्याखाली एकामागून एक खोरी. चितळ कमी, मुख्य भक्ष्य सांबर आणि रानगवा, तेही विखुरलेलं. त्यामुळे एकेका वाघाला फिरायला मोठा मुलूख लागतो. त्यात आपला रस्ता डोंगराच्या धारेवरून जाणार आणि जनावर खालच्या नाल्यात बसणार. आपल्याला दिसतात ते सागाचे शेंडे.

पण गाडी थांबवून उतरत्या उन्हात बघत बसलं की काय काय दिसतं! आमचा गाईड इथल्या कोरकू आदिवासींपैकी एक मुलगा होता, पंचविशीतला, बोलायला कमी. ढाकण्याच्या बाजूला त्याने गाडी थांबवली ती एक वारूळ दाखवायला. छातीएवढं उंच, एका अंगाने फोडलेलं, आत मूठ जाईल अशी भोकं. अस्वल आधी नखांनी वारूळ फोडतं, मग भोकाला नाक लावून फुंकर मारून माती उडवतं आणि ओठांचा चंबू करून वाळवी ओढून घेतं. त्याला वरचे पुढचे दोन दात नसतात, तिथूनच ही ओढ लागते. आवाज बराच लांबवर जातो म्हणे. खाली सांडलेल्या मातीचा गाभा अजून दमट होता. "रातचंच आहे," गाईड म्हणाला, आणि बाजूच्या मोहाच्या खोडावरचे ओरखडे दाखवले. मोहाची फुलं पडायला तेव्हा नुकती सुरुवात होत होती. फुलं वेचायला पहाटे माणसंही येतात आणि अस्वलंही, त्यामुळे मेळघाटात लोक वाघापेक्षा अस्वलाला जास्त बिचकतात.

दुसरी गोष्ट कुल्लूची झाडं. (आमच्याकडे कहांडळ म्हणतात.) मार्चमध्ये एक पान नसतं, नुसतं गुळगुळीत पांढुरकं खोड, साल पापुद्र्यांनी सुटलेली. संध्याकाळी करड्या डोंगरावर ही झाडं तेवढी उजळ दिसतात. याचा डिंक औषधात आणि खाण्याच्या पदार्थांत जातो. चीक काढायला खोल घाव घातले की झाड मरतं, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी ती विरळ झाली आहेत.

रानगव्यांचा कळप सेमाडोहच्या अलीकडे भेटला. एक मोठा नर रस्त्याच्या कडेला उभा राहिला आणि मागून माद्या, पिल्लं एकेक करून ओलांडून गेली. हजार किलोच्या आसपासचं जनावर वाळलेल्या सागपानांवरून चालतं आणि आवाज येत नाही, हे मला अजून पटत नाही. आमच्या पायाखाली तीच पानं पापडासारखी मोडत होती.

रानकुत्रे, भेकर, सर्पगरुड, भृंगराज, राखी रानकोंबडा हेही दिसले. रानपिंगळा (दुर्मिळ, छोटं घुबड) एका मित्राला दिसला, मला नाही. जाणकारांनी भर घालावी.

चिंगी

मस्त लिहिलंय. आम्हाला जायचंय, पण सोबत आई-बाबा (दोघेही सत्तरीपार, आईचे गुडघे) आणि आठ वर्षांचा मुलगा. झेपेल का? पुण्याहून गाडीने यावं की रेल्वेने? आणि वाघ नाही दिसला तर मुलगा मला खाईल, त्याचं काय करू? :)

मी_परतवाडेकर

सागपान भौ, आमच्या परतवाड्यावरून गेले अन् सांगतलंबी नाही? हे काई बरोबर नाही.

चिंगीताई, पुण्यावरून गाडीनं येऊ नोका. रेल्वेनं बडनेऱ्याले उतरा, तिथून गाडी करा. अमरावतीवरून परतवाडा घंट्या-दीड घंट्यात. परतवाड्याच्या पुढं घाट लागते. एक रस्ता वर चिखलदऱ्याले, दुसरा सेमाडोह-हरिसाल-धारणीले. पोट्ट्याले घाटात गाडी लागत असन तर गोळी आधीच द्या. अन् अमरावतीत गिला वडा खाल्ल्याबिगर निघू नोका.

आईच्या गुडघ्याचं म्हणान तर जिप्सीत चढाले पायरी उंच असते अन् आतले रस्ते मुरमाचे, झटके बसतात. सकाळची एकच सफारी करा अन् त्याईले दुपारी कोलकासच्या विश्रामगृहाच्या व्हरांड्यात बसू द्या. खाली सिपना नदी वळण घेते, तिथं बसून जेवढं दिसते तेवढं काई वेळा जिप्सीतबी दिसत नाही.

दवाखाना लागलाच तर धारणीले उपजिल्हा रुग्णालय हाय, नाहीतर मंग परतवाडा-अचलपूर. रोजच्या गोळ्या जास्तीच्या आणजा.

रोखठोक

हे सगळं ठीक आहे, पण मला तरी 'कोल्ह्याला द्राक्षं आंबट' असाच सूर वाटला. मी सहकुटुंब गेलो होतो. ज्या एजंटाकडून गेलो त्याने छातीठोकपणे 'शंभर टक्के सायटिंग' सांगितलं होतं. पदरात काय पडलं? एक भेकर, त्याचीही पाठ. माणशी झालेला खर्च सांगितला तर हसाल. वारुळं बघायला मला सातपुड्यात जायची गरज नाही, गावच्या शेताच्या बांधावर आहेत.

सामान्य माणसाला वर्षातून एक सुट्टी मिळते. त्याने वाघ बघायची इच्छा धरली तर त्याला अडाणी ठरवू नका.

सागपान

@रोखठोक, अडाणी कुणालाच म्हटलेलं नाही. वाघ बघायची इच्छा मलाही आहे. शंभर टक्के सांगणारा एजंट मात्र जंगलाबद्दल नाही, स्वतःच्या कमिशनबद्दल बोलत असतो. वाघच बघायचा असेल तर ताडोबा किंवा पेंचला जावं आणि उन्हाळ्यात जावं, हे स्पष्ट सांगणं जास्त बरं. मेळघाटात वाघ आहेत, कॅमेरा ट्रॅपमध्ये (जंगलात लावलेले, आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) पट्ट्यांवरून एकेक ओळखून मोजले जातात. पण ते पर्यटकांच्या गाड्यांना सरावलेले नाहीत. माझ्या मते त्यांच्या दृष्टीने हे चांगलंच आहे.

पिंगळावेळ

रानपिंगळ्याचा विषय निघालाय तर थोडं सविस्तर. माझ्या लेखी मेळघाटला जायचं पहिलं कारण हा वीतभर पक्षीच आहे.

पक्षितज्ज्ञ ह्यूमने १८७३ मध्ये त्याचं वर्णन केलं, ब्लुइट नावाच्या अधिकाऱ्याने आताच्या छत्तीसगडात मिळवलेल्या नमुन्यावरून. त्यानंतर मोजकेच नमुने मिळाले, शेवटचा १८८४ मध्ये. मग शंभराहून जास्त वर्षं काहीच नाही. सलीम अलींसकट अनेकांनी शोधला, सापडला नाही. लोकांनी तो नामशेष झाला असं जवळपास धरूनच टाकलं होतं.

घोळ असा होता की एक नमुना १९१४ मध्ये गुजरातेत मिळाल्याची नोंद होती. नोंद करणारे कर्नल माइनर्ट्झहागेन, पक्षिशास्त्रातलं बडं प्रस्थ. लोक त्या नोंदीवर विसंबून तिकडे शोधत राहिले. पुढे अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले नमुने बारकाईने तपासले, तेव्हा उघड झालं की कर्नलसाहेबांनी ब्रिटिश संग्रहालयातूनच जुना नमुना चोरला होता, त्याची शिवण उसवून पुन्हा पेंढा भरला होता आणि त्यावर स्वतःची चिठ्ठी लावली होती. ती नोंद बाद केल्यावर शोधायच्या जागा बदलल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला, तो भर सकाळी उन्हात एका निष्पर्ण झाडावर बसलेला दिसला. म्हणजे ११३ वर्षांनी.

त्यानंतर सर्वेक्षणं झाली आणि मेळघाटात त्याची मोठी संख्या असल्याचं कळलं. आज जगात तो मध्य भारतातल्या काही तुकड्यांतच आहे. आधी अतिसंकटग्रस्त होता, २०१८ पासून संकटग्रस्त गणला जातो.

ओळखायचा कसा? गावातला नेहमीचा पिंगळा डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा असतो. रानपिंगळ्याचं डोकं जवळपास साधं, राखी-तपकिरी. छातीवर गडद पट्टा, पोट मात्र पांढरं स्वच्छ. शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, आणि बसल्या बसल्या ती शेपटी बाजूला झटकण्याची खोड. शिवाय हा दिवसा शिकार करतो: सरडे, उंदीर, किडे. थंडीत सकाळी आठ ते दहा या वेळात उघड्या फांदीवर ऊन खात बसतो. तेव्हा सागाच्या विरळ, गवताळ भागात शोधा, दाट जंगलात नाही.

एक कळकळीची विनंती: मोबाईलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. तो हद्द राखणारा पक्षी आहे, दुसरा नर आला समजून घरटं सोडून धावत येतो. तुम्हाला फोटो मिळतो, त्याची सकाळ वाया जाते.

नीलमोहर

बापरे, चोरलेला पिंगळा! हे माहीतच नव्हतं. पिंगळावेळ, यावर स्वतंत्र धागा काढाच.

पिंगळावेळ

काढेन. माइनर्ट्झहागेन यांच्या चोऱ्यांवर एक धागा पुरणार नाही. :)

गवतवाला

दोन पैसे माझेही. मेळघाटात जनावर बघायचं तर कुंड, बोरी, कोहा या जुन्या गावठाणांच्या जागा विचारा. ही गावं २००० नंतरच्या काही वर्षांत बाहेर हलवली गेली. शेतं पडीक पडली, तिथे पहिल्या वर्षी तरोटा आणि रानतुळस माजली. वनखात्याने ती उपटून काढली, कुसळी-मारवेल-पवन्या ही गवतं येऊ दिली, आणि मग सांबर, गवे, नीलगाय उघड्यावर चरायला येऊ लागले. सागाच्या जंगलात खाली गवत कमी असतं, तृणभक्षकांना उघडी कुरणं लागतात. ती मेळघाटात फार नव्हती. आता सकाळी लवकर गेलात तर कुरणाच्या कडेला कळप हमखास असतात.

आणखी एक. फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्याकडेला जळालेले पट्टे दिसले तर लगेच 'वणवा लागला' म्हणून व्हिडिओ टाकू नका. बहुतेक वेळा ती वनखात्याने मुद्दाम जाळून काढलेली जाळरेषा असते, पुढे आग आली तर तिथे तिला खायला काही उरू नये म्हणून. खरे वणवे लागतात ते नंतर. बरेचदा मोहाखालचा पालापाचोळा जाळताना. फुलं स्वच्छ जमिनीवर पडावीत म्हणून लोक आधी पाला जाळतात, वारा सुटला की तो आवरत नाही.

वनजाई

गवतवाला, कुरणं सुंदर आहेत, मान्य. पण 'गावं बाहेर हलवली' एवढं सोपं वाक्य नाही ते. पुनर्वसन केलेल्या कुटुंबांना आधी १० लाखांचं पॅकेज होतं, २०२१ पासून १५ लाख. पैसे बँकेत आले आणि जमीन, पाणी, रोजगार यांपैकी काहीतरी कुठेतरी अडकलं, अशी तक्रार अनेक गावांची होती. जानेवारी २०१९ मध्ये अकोट भागातले विस्थापित कोरकू परत जंगलात शिरले, वनकर्मचारी आणि गावकरी यांच्यात मोठी झटापट झाली, दोन्हीकडचे जखमी झाले. आपण जिप्सीत बसून ज्या कुरणावर गवे बघतो तिथे कुणाचं तरी चुलाण होतं.

आणि जंगल राखायला गाव उठवावंच लागतं असं नाही. अमरावती जिल्ह्यातलं पायविहीर बघा. सामूहिक वनहक्क (गावाने मिळून जंगल राखायचा आणि वापरायचा कायदेशीर हक्क) मिळाल्यावर त्या गावाने उजाड टेकडी स्वतः राखली, सीताफळं मुंबईपर्यंत विकली.

गवतवाला

पायविहीरचं उदाहरण चांगलंच आहे, पण ते गाभ्याबाहेरचं. गाभ्यातली गोष्ट वेगळी. गाभ्यातल्या गावांना रस्ता नाही, पावसाळ्यात चार महिने दवाखाना नाही. नव्वदच्या दशकात बालमृत्यूंच्या बातम्यांनी मेळघाट देशभर गाजलं, ते उगाच नाही. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी आयुष्य घालवलं (२०१९ मध्ये दोघांना पद्मश्री), पण एका दांपत्यावर तालुका चालत नाही. काही गावांनी स्वतःहून बाहेर पडायची मागणी केली होती, हेही तितकंच खरं.

वनजाई

मागणी केली, हो. बाहेर पडून रस्ता आणि दवाखाना मिळावा म्हणून. तो जागेवर दिला असता तर मागणी केली असती का, हा प्रश्न आहे.

चालक

संस्थळाचा चालक म्हणून सांगतो : चर्चा महत्त्वाची आहे, पण धागा प्रवासाचा आहे. पुनर्वसनावर वेगळा धागा काढून इथे दुवा द्यावा. कोणाचेही प्रतिसाद उडवलेले नाहीत.

मीटरगेज_मित्र

अवांतर होईल, पण मेळघाट म्हटलं की मला वान अभयारण्यातून जाणारी अकोला-खंडवा मीटरगेज आठवते. लहानपणी आजोळी जाताना धुळघाटला गाडी स्वतःच्याच रुळांना वळसा घालून वर चढायची. डोंगर चढायला लोहमार्गाचा पूर्ण वेटोळा टाकलेला होता. खिडकीतून खाली आपण मघाशी आलो तो रूळ दिसायचा. ब्रॉडगेजसाठी ती लाईन बंद झाली. जुन्याच वाटेने रुंद करायचं तर गाड्या व्याघ्र प्रकल्पाच्या आतून वेगाने धावणार, म्हणून वाद झाला आणि जंगलाबाहेरून वळवायचा पर्याय पुढे आला. गावांना रेल्वे हवी, वाघाला नको. मी पडलो मीटरगेजवाला, माझं मत विचारू नका.

अकोटवाला

अकोटकडून येणाऱ्यांनी शहानूर-नरनाळा विसरू नये. नरनाळा किल्ल्यावर गाडीने जाता येतं, महाकाली दरवाजाचं कोरीवकाम बघण्यासारखं आहे, वर तलाव आहे, एक प्रचंड तोफ आहे. इतर किल्ल्यांवर संध्याकाळी माकडं असतात, इथे दगडी बुरुजावर बिबट्याची विष्ठा बघितली आहे. चिखलदऱ्याजवळ गाविलगड. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने तो नागपूरकर भोसल्यांकडून घेतला. किल्ल्यावर फिरताना तुम्ही अभयारण्यातच असता, सूर्य मावळायच्या आत खाली या.

चिंगी

सगळ्यांचे खूप आभार. इतके तपशील कुठल्या टूरवाल्याने दिले नसते. आता दोन प्रश्न. होळीच्या आठवड्यात जाऊ का? मुलाची परीक्षा तेव्हाच संपतेय. आणि बुद्ध पौर्णिमेला मचाणावर बसवतात म्हणे, त्यात मुलांना घेतात का?

मी_परतवाडेकर

होळी म्हंजे कोरकूंची दिवाळी समजा. बाहेर मजुरीले गेलेले सारे लोक गावात वापस येतात. पाच दिवस ढोल-बासरी, नाच. मेघनाथाची पूजा होते. रस्त्यावर लाकूड आडवं टाकून पोट्टे-पोट्ट्या फगवा मागतात. भिऊ नोका, दहा-वीसच्या नोटा सुट्ट्या ठेवा, हसून द्या, दोन मिनिटं नाच पाहा, सोडतात. वाद घालत बसले त मंग तुमची सफारी गेली. रात्री मात्र त्या रस्त्यानं गाडी काढू नोका, सिडू झालेली असते सगळ्याईची. (मोहाची दारू हो.)

त्या आठवड्यात गाईड-ड्रायव्हर सुट्टीवर असतात, ते आधीच इचारून घ्या. म्या म्हणतो होळीच्या आठ-दहा दिवस आधी या. पळस फुललेला असते अन् उनबी चटका देत नाही.

पिंगळावेळ

मचाणाबद्दल: बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर मचाणं बांधतात, वनखातं आगाऊ नोंदणी घेतं. 'प्राणीगणना' असं अजून म्हटलं जातं, पण खरी गणना कॅमेरा ट्रॅपने आणि चालून केलेल्या नोंदींनी होते. ही रात्र अनुभवाची. चार-पाच पावलांच्या फळीवर दुपारपासून दुसऱ्या सकाळपर्यंत बसायचं, बोलायचं नाही, खाली उतरायचं नाही, अत्तर-परफ्यूम नाही. आठ वर्षांच्या मुलाला नका नेऊ, परवानगीही मिळणार नाही. मे महिन्यात दुपारी मचाणावर डोकं उकळतं. पण रात्री दोनच्या सुमाराला चांदण्यात सायाळ काटे खुळखुळवत पाण्यावर येते तेव्हा झोप पार उडते.

मुलासाठी युक्ती सांगतो. त्याला वाघाची आशा लावूच नका. एक वही द्या, पायाचे ठसे काढायला सांगा. गाईडला आधी सांगून ठेवा. धुळीच्या रस्त्यावर सकाळी सकाळी सगळी रात्र उमटलेली असते: अस्वलाचा मागचा पाय माणसाच्या पावलासारखा, रानकुत्र्याचा नखांसकट, बिबट्याचा नखांशिवाय. माझी भाची वाघाशिवाय परतली आणि शाळेत जाऊन खवले मांजरावर भाषण ठोकलं. ते तिला दिसलंही नव्हतं, नुसतं बीळ दिसलं होतं.

रोखठोक

हे बरं सांगितलं. माझ्या पोरांना कोणी वही द्यायला सांगितली नाही. गाईड पूर्ण वेळ वॉकीटॉकी कानाला लावून 'कॉल आला का' विचारत होता.

सागपान

गाईडवर सगळं ढकलणं बरोबर नाही. पर्यटक 'वाघ, वाघ' करत बसला की त्याची टिप त्यावरच अवलंबून राहते. गाडीत बसल्या बसल्या 'आम्हाला वाघाची घाई नाही, तुम्हाला जे आवडतं ते दाखवा' असं म्हणून बघा. आमचा कोरकू गाईड त्यानंतरच बोलायला लागला. वाघाला कोरकू लोक कुलामामा म्हणतात. त्याच्या आजीने वाघाला पाठमोरं कधी होऊ नको, समोर बघत मागे सरक, असं शिकवलं होतं. ते त्याने आम्हाला उभं राहून करून दाखवलं.

अकोटवाला

२०१३ मध्ये मेळघाटातल्या शिकारीचं प्रकरण उघड झालं, लोखंडी सापळे लावून वाघ मारले होते. त्यानंतर गस्त वाढली. पायी गस्त घालणारे बरेच वनमजूर याच गावांतले आहेत. एकेका गस्तीत दिवसभर डोंगर चढणं-उतरणं, खांद्यावर पाण्याची बाटली आणि भाकरी. त्यांच्या चौकीवर थांबलात तर चहा नाकारू नका आणि येताना एखादी साखरेची पुडी न्या. मागे एका चौकीवर साखर संपून आठवडा झाला होता.

चिंगी

बुकिंग केलं! कोलकास भरलेलं होतं, सेमाडोह मिळालं. होळीच्या बारा दिवस आधी. पावसाळ्यात गाभा बंद असतो हे बघितलं, सफारीची साप्ताहिक सुट्टीही तपासली. मुलाला वही घेतली आहे, त्याने पहिल्या पानावर आत्ताच वाघ काढून ठेवलाय.

परतवाडेकर दादा, खवा-रबडीचं काहीतरी ऐकलं होतं, ते कुठे?

मी_परतवाडेकर

चिखलदऱ्याच्या वाटेवर मोथा गाव लागते. गवळ्याईचं गाव. तिथं म्हशीच्या दुधाची रबडी घ्या अन् खवाबी. सकाळी जाल तर कढईतलीच मिळते. घरी न्यायाची असन तर डबा घरूनच आणा, पन्नीत देतात ते सांडते. अन् बाबांले साखर असन तर त्याईले गाडीतच बसवा.